पोराचा प्रोजेक्ट आन् आपली कपाशी

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावची, बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाची दोन पोरं सर्व्हेचे कागद घेऊन एका घराच्या ओट्यावर बसली होती आणि त्यांचा मास्तर म्हणून मी बाजूला उभा होतो. घरधनी सत्तरीचे. पोरानं कागदावरचं वाचलं, "पीक विम्याच्या सेवेबाबत मी समाधानी आहे. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत." बुढ्यानं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. पुन्हा वाचायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग म्हणाला, "तुले कोनतं पायजे ते लिही ना बाप्पा. एवढ्या उन्हाचा आला तू, मी काऊन नाही म्हनू?"

पोरानं 'सहमत'वर टिक मारली आणि पुढचा प्रश्न घेतला.

त्या दिवशी दुपारपर्यंत अशा चाळीस टिका झाल्या. मधल्या घरात आम्हाला चहा मिळाला, एका घरी ज्वारीची भाकर आणि ठेचा. महिनाभरानं सोनेरी अक्षरांचा जाड अहवाल बांधून आला. त्यात शेतकरी विम्याच्या सेवेवर समाधानी असल्याचा निष्कर्ष होता, रंगीत चकत्यांसह. पोरं पास झाली. मार्गदर्शक म्हणून खाली सही माझी आहे.

हे आवाहन म्हणूनच लिहितो आहे. दारात सर्व्हे येतो त्या घरांसाठी, आणि ज्या घरातलं पोरगं किंवा पोरगी एमबीएला जाते त्या घरांसाठी. अमरावती-अकोल्यात आता बहुतेक वेळा ही दोन्ही घरं एकच असतात. बापाची पाच-सात एकर कोरडवाहू कपाशी आणि पोरगं शहरात खोली करून मॅनेजमेंट शिकतं.

ते काय शिकतं, हे बापानं एकदा विचारावं. प्रोजेक्ट म्हणून जे लिहून होतं ते मी पंचवीस वर्षं तपासलं. अमुक शोरूममधल्या ग्राहकांचं समाधान, तमुक बँकेच्या कर्मचाऱ्यांचं मनोबल. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट पेनड्राइव्हमध्ये मिळतात. एकदा तर कंपनी पुण्याची, सर्व्हे अकोल्याचा आणि आभाराच्या पानावर तिसऱ्याच गावच्या प्राचार्यांचं नाव, असा त्रिवेणी संगम माझ्या टेबलावर आला होता. पोराला दोष देऊन उपयोग नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की आपल्या बापाचा प्रश्न हासुद्धा व्यवस्थापनाचा विषय असतो.

असतो कसा, ते फवारणीवरून सांगतो.

२०१७ चा पावसाळा उतरता उतरता यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्यात शेतकरी होते, मजुरीनं फवारणारे होते. चर्चा झाली ती औषधाची, पंपाची, डोक्यावरून गेलेल्या कपाशीची आणि नसलेल्या हातमोज्यांची. सगळं खरं होतं. पण कोणतं औषध, किती आणि कशात मिसळून मारायचं, हे त्या माणसाला सांगितलं कोणी? त्याचं उत्तर कृषी केंद्राच्या काउंटरवर आहे. तिथं घटकाभर उभे राहा. एक जण खिशातून कपाशीचं चुरगाळलेलं पान काढतो आणि काउंटरवर ठेवतो. दुकानदार पानाकडे अर्धा क्षण पाहतो, मागच्या फळीवरून तीन बाटल्या काढतो. "हे मावा-तुडतुड्याले, हे अळीले, आन् हे टॉनिक, तिन्ही एकाच पंपात टाक." माणूस बाटल्या पिशवीत घालतो. पावती नाही. उधारीच्या वहीत एक ओळ चढते, कापूस विकला की फिटणारी.

दुकानदार दुष्ट असतो असं माझं म्हणणं नाही. त्याच्यावर कंपनीचं टार्गेट असतं, जास्त माल उचलला की सवलत असते, कधी सहलीचं आमिष असतं, आणि गावभराची उधारी त्याच्या अंगावर असते. शेतकऱ्याला तरी दुसरीकडे कुठं जाता येतं? उधारी ज्याची, सल्ला त्याचा. कृषी सहायकाच्या वाट्याला एवढी गावं की तो पान पाहायला यायच्या आत अळी बोंडात शिरलेली असते. म्हणजे हा प्रश्न जितका किडीचा, तितकाच विक्रीचा आहे. आणि कमिशन, उधारी, गिऱ्हाइकाचा विश्वास, विकणाऱ्याच्या सल्ल्यातला स्वार्थ हे तर एमबीएच्या पहिल्या वर्षाचे धडे. फक्त ते साबण आणि मोटारसायकलीची उदाहरणं देऊन शिकवतात.

नेमका हाच धागा हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या शॉन कोल या प्राध्यापकानं धरला. निलेश फर्नांडो या सहकाऱ्याबरोबर त्यानं गुजरातेतल्या कापूस उत्पादकांचा दोन वर्षं अभ्यास केला. 'आवाज ओटलो' नावाची फोनसेवा होती. ओटलो म्हणजे आपला ओटाच. शेतकऱ्याला मोबाइलवर गुजरातीतून पिकाचा सल्ला ऐकू यायचा, आणि त्याला आपला प्रश्न बोलून ठेवता यायचा, त्याचं उत्तर शेतीतला जाणकार द्यायचा. त्या जाणकाराला बाटली विकायची नव्हती, एवढाच फरक. कोणाला सेवा द्यायची आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणजे पुढं दोन्ही गटांची तुलना करता यावी. काय दिसलं? लोकांनी सल्ला विचारायची जागा बदलली. फोनवरच्या आवाजावर त्यांचा विश्वास बसला आणि त्यानं सुचवलेलं बियाणं, खत, औषध ते वापरू लागले. पण त्यामुळे उत्पादन किंवा नफा वाढला, असा ठाम पुरावा मिळाला नाही. हेही त्यांनी २०२१ साली छापलेल्या निबंधात लिहून टाकलं. मला हा अभ्यास आवडतो तो या कबुलीसाठी. आमच्या चाळीस टिकांच्या अहवालात असं एकही वाक्य नव्हतं.

आता हाच प्रश्न मूर्तिजापूर, अंजनगाव किंवा बाळापूरच्या बाजारात नेऊन विचारा. शंभर शेतकऱ्यांच्या उधारीच्या वह्या पाहिल्या तर रोखीनं घेणाऱ्याला किती बाटल्या दिल्या जातात आणि उधारीनं घेणाऱ्याला किती, हे एका हंगामात कळेल. फवारणारा मजूर पंपावर पैसे घेतो की दिवसावर, आणि पंपावर घेणारा तोंडाला फडकं बांधायला थांबतो का, हे कळेल. याला प्रयोगशाळा लागत नाही, परदेशी निधी लागत नाही. वही, बसचा पास आणि दोन चिकाटीची पोरं लागतात. तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा. बाटलीवरचा तिकोन पाहा. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पक्की पावती मागा, कारण उद्या काही झालं तर कोणतं औषध पोटात किंवा अंगावर गेलं हे डॉक्टरला त्या कागदावरून कळतं. आणि तीन बाटल्या एका पंपात टाकायला सांगणाऱ्याला ते पावतीवर लिहून द्यायला सांगा. लिहून द्यायची वेळ आली की तीनाच्या दोन होतात, असा माझा अनुभव आहे.

सर्व्हेत खरं सांगितल्यानं काय होतं, असं कोणी विचारतं तेव्हा मी २००६ च्या एका अहवालाचं नाव घेतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या सृजित मिश्र यांनी राज्य सरकारसाठी तो केला. ही संस्था बिझनेस स्कूल नव्हे, अर्थशास्त्राची आहे. पण पद्धत आमच्या पोरांनी घोकून ठेवावी अशी. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या, आत्महत्या झालेल्या १११ घरांत जाऊन त्यांनी माहिती घेतली, आणि तेवढ्यावर न थांबता, जिथं असं काही घडलं नव्हतं अशा घरांशी ती ताडून पाहिली. नुसतं दुःखाच्या घरी गेलं तर कर्ज दिसतंच. पण कर्ज शेजाऱ्यालाही असतं, मग फरक कशात? फरक कर्जाच्या आकारात निघाला, पिकाच्या मोलात निघाला, आणि एका साध्या गोष्टीत निघाला. त्या घरांत बैल कमी होते. बैल हा औतालाही लागतो आणि अडीनडीला विकताही येतो. ज्याच्या दावणीला बैल नाही त्याच्याकडे शेवटचा विकायचा जिन्नसही नाही. हे मुंबईत बसून सुचत नाही, कोणीतरी ओट्यावर बसून खरं सांगितलं म्हणून कळलं. महाराष्ट्रात शेतकरी पुरुषांमधलं आत्महत्येचं प्रमाण १९९५ साली लाखामागे १५ होतं, ते २००४ मध्ये ५७ वर गेल्याचं याच अभ्यासानं आकड्यांत मांडलं. अहवाल आला त्याच साली, १ जुलै २००६ ला, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पंतप्रधान पॅकेज जाहीर झालं. पॅकेजात वाटलेल्या दुभत्या गाई-म्हशींचं पुढं काय झालं ते गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. अहवालातला बैल आणि पॅकेजातली जर्सी गाय यांच्यात जे अंतर पडलं, त्यावर एक चांगला प्रोजेक्ट अजूनही होऊ शकतो.

कर्जमाफीचंही तसंच. केंद्राच्या २००८ च्या माफीला दोन हेक्टरांची रेघ होती. आतल्याला पूर्ण माफ, बाहेरच्याला पंचवीस टक्क्यांची सूट, तीही उरलेले भरले तर. पश्चिम महाराष्ट्रात पाच एकर बागायत म्हणजे मोठी असामी, वऱ्हाडात सात एकर कोरडवाहू म्हणजे हातावर पोट. रेघ मात्र एकच. पुढं २०१७ आणि २०१९ साली राज्याच्या माफ्या आल्या, त्यांचे नियम निराळे. माफी चांगली की वाईट, यावर पारावर वर्षानुवर्षं भांडणं होतात. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमधल्या तिघा अभ्यासकांनी, मुखर्जी, सुब्रमणियन आणि तंत्री यांनी, भांडण्याऐवजी २००८ च्या माफीतल्या कर्जखात्यांच्या नोंदी तपासल्या. दुष्काळानं खरोखर पिचलेल्याचं कर्ज माफ झालं तेव्हा पुढचं कर्ज त्यानं नीट फेडलं. जो पिचलेला नव्हता आणि तरी माफी मिळाली, त्याच्या फेडीत अशी सुधारणा झाली नाही. म्हणजे प्रश्न माफी द्यावी की नाही हा नसून कोणाला द्यावी हा होता, आणि जमिनीच्या मापावर ते नीट ठरत नव्हतं, पावसाच्या मापावर ठरायला हवं होतं. आपल्या भागातला कोणीही जुना सोसायटी सेक्रेटरी हे तोंडानं सांगेल. फरक एवढाच की सेक्रेटरीचं बोलणं पारावर राहतं आणि खात्यांवरून काढलेलं मंत्रालयापर्यंत जातं.

आरोग्याचं एक उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे आणि आपल्यालाच माहीत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचं काम झालं. विदर्भातला ताण आणि आरोग्य, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचं ते लघुरूप. 'संगाथ' आणि 'प्रकृती' या संस्था त्यात होत्या. ज्याला डॉक्टर नैराश्य म्हणतात आणि आपण 'टेन्शन' म्हणून सोडून देतो, त्यावर गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर बोलायला लावलं. ज्याला जास्त गरज त्याला वरच्या पायरीवर, समुपदेशकाकडे आणि मग मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. काम सुरू होताना नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कोणाकडे तरी मदतीला गेले होते, नेमकं सांगायचं तर ४.३ टक्के. दीड वर्षानं पुन्हा मोजलं तेव्हा २७.२ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात ते छापून आलं. काम मानसोपचाराचं, पण त्यातली युक्ती व्यवस्थापनाची: डॉक्टर थोडे आहेत, मग कोणतं काम डॉक्टरशिवाय होतं ते आधी वेगळं काढा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत हेच केलं. १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालेलं ते रुग्णालय कसं चालतं, हे हार्वर्डची पोरं वर्गात बसून शिकतात. आपल्या एखाद्या सरकारी दवाखान्यात सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत लागलेली चिखलदऱ्याची बाई डॉक्टरसमोर कितीला पोचते, हे मोजायला आपल्या पोरांना कोणी मना केलं आहे?

मन घाबरंघुबरं होत असेल, झोप उडाली असेल, घरातलं कोणी गप्प गप्प राहत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता सर्व्हे दारात येतो तेव्हा काय करायचं, ते सांगतो. आधी विचारा, कोणत्या कॉलेजचा, कोणासाठी, उत्तरांचं काय होणार. ओळखपत्र पाहा. अभ्यासाला आधार क्रमांक लागत नाही, बँकेचं पासबुक लागत नाही, अंगठा लागत नाही, आणि ओटीपी तर कधीच लागत नाही. मागितला तर ते पोरगं विद्यार्थी नव्हे. नको असेल तर नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण हो म्हटलंत तर मग खरं सांगा. आपल्याकडे सर्व्हे म्हटलं की योजना येणार असं वाटतं आणि पीक अर्धं, कर्ज दुप्पट होतं. दुसरीकडे खाजगी सावकाराचं कर्ज कोणी सांगत नाही, कारण सावकाराचा भाचा त्याच ओट्यावर बसलेला असतो. त्याला उठवा, किंवा पोराला आत घ्या. माजघरातल्या बाईला प्रश्न विचारू द्या. दवाखान्यात किती गेले, कोणाकडून उसने आणले, हे बहुधा तिलाच पाठ असतं. पाच पर्यायांचा प्रश्न आला तर पर्याय राहू द्या, काय घडलं ते सांगा. "विम्याचे पैसे कधी भरले, पंचनाम्याले कोन आलं, किती भेटले." पोराच्या कागदावर तेवढी जागा नसेल तर त्याला समासात लिहायला लावा.

आणि उठताना त्याच्याकडून एक कबूल करून घ्या की जे निघेल ते एका पानावर, मराठीत, ग्रामसभेत येऊन वाचून दाखवायचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, तारखा ठरलेल्या आहेत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी असते. वाण कसा आहे हे शेतकरी स्वतः धुऱ्यावर उभा राहून बघतो, बोंड दाबून बघतो, नावं ठेवतो. अमरावती विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागानं आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या एमबीए कॉलेजांनी वर्षातून एकदा प्रोजेक्टांची अशी फेरी का काढू नये? ज्या गावात माहिती गोळा केली त्याच गावच्या मंदिरासमोर निष्कर्ष सांगायचे म्हटले, तर 'शेतकरी समाधानी आहेत' हे वाक्य किती पोरं वाचू धजतील ते मला बघायचं आहे. मास्तरांनीही तिथं बाजूला उभं राहावं.

प्रश्नांची आपल्याकडे वाण नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात घरटी महिन्याला पाण्यावर किती पैसे जातात, कॅनच्या पाण्याचे आणि दवाखान्याचे धरून? बाजार समितीत ओलाव्याच्या नावानं कापूस कापला जातो तो यंत्र लावून की मुठीत दाबून? मेळघाटातून कामाला बाहेर गेलेल्या घराचं रेशन त्या चार महिन्यांत कुठं जातं? एकेकाला एक हंगाम पुरतो.

माझ्या माहितीत प्रोजेक्टचा विषय पोरं शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री ठरवतात, झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या. घरात एमबीएचं पोरगं असेल तर आज रात्री जेवताना त्याला विषय विचारा. शोरूमचं नाव घेतलं तर रागवू नका. कृषी केंद्राच्या उधारीचा आपला हिशेब आणा, मागच्या तीन हंगामांचा, आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवा.